हुयान बाईसाहेबांचे जोडे

मालियनबूच्या देवळातल्या हुयान बाईसाहेब उभ्या आहेत. शेजारपाजारच्या गावांतल्या देव्या मांडीवर हात ठेवून ऐसपैस बसतात. आमच्या बाईसाहेबांना बसायला सवड कधी मिळालीच नाही. अंगावर निळा झगा, तो थेट फरशीला टेकतो. झग्याखाली पाय आणि पायांत काळे कापडी जोडे. हे जोडे दरवर्षी नवे चढतात आणि ते शिवायचा मान ल्यू घराण्यातल्या सुनेचा असतो.

ही हकीकत त्या घरच्या सुनेची आहे. तिचं नाव फान सान्यू. सान्यू म्हणजे तिसरी मुलगी. नाव ठेवताना बापानं त्यापलीकडे डोक्याला ताण दिला नाही. मी तिला काकू म्हणते. माझं आडनाव च्याओ, मी गावच्या शाळेत गणित शिकवते आणि माझ्या नाकावर राग असतो असं सगळं गाव म्हणतं. ते खोटं नाही. पण एका वर्षी मला माझ्या रागाची चांगलीच लाज वाटली, म्हणून हे सांगायला बसले आहे.

आधी जत्रेचं सांगते. तिसऱ्या महिन्याच्या आठव्या दिवशी बाईसाहेबांची जत्रा भरते. नाटकमंडळी येते, तळलेल्या पिठाच्या वेण्या विकायला येतात, दातोंग शहरात कामाला गेलेली पोरं घरी येतात. दुपारी जत्रेचा म्होरक्या गाभाऱ्यात जातो, पडदा ओढून घेतो, बाईसाहेबांच्या पायांतले जुने जोडे काढून नवे घालतो आणि जुने घेऊन पायऱ्यांवर येतो. सगळं गाव गप्प होतं. मग तो जोडे उलटे करून तळ दाखवतो. तळ झिजलेला असला म्हणजे बाईसाहेब वर्षभर गावाच्या जुन्या तटावरून चालल्या, गावावर त्यांची नजर आहे. मग फटाके लागतात आणि लोक एकमेकांना मिठ्या मारतात. तळ कोरा निघाला तर काय, हे कोणी तोंडातून काढत नाही.

मला हे सगळं खुळचट वाटायचं. मातीची बाई चालते कशी, आणि चालली तर एका वर्षात किती कोस चालते, याचं गणित मी एकदा सहावीच्या वर्गाला घातलं होतं. मुलं हसली. घरी जाऊन त्यांनी ते सांगितलं आणि आठवडाभर मला कोणी शिरका दिला नाही. आमच्याकडे शिरक्याच्या आंबट धारेवाचून जेवण घशाखाली उतरत नाही, तेव्हा शिक्षा साधी नव्हती.

काकूचा जन्म डोंगरावरच्या मेंढपाळाच्या घरचा. आई लहानपणीच गेली. त्या काळी मुलीचे पाय पाचव्या-सहाव्या वर्षी कापडाच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे, म्हणजे ते मुठीएवढे राहायचे आणि मुलीला चांगलं स्थळ यायचं. बांधायला आईच नाही, बाप मेंढ्यांमागे. पाय वाढत गेले. गावातल्या बायका म्हणायच्या, सान्यूच्या पायांवर खळं घालून मळणी करता येईल. दोन मध्यस्थ बायका आल्या, पायांकडे बघून पेज पिऊन निघून गेल्या. सतरा वर्षांची झाली तेव्हा बापानं आशा सोडली होती.

मग १९४८च्या हिवाळ्यात मालियनबूहून एक बाई गाढवावर बसून आली. तिचे स्वतःचे पाय बांधलेले, त्यामुळे दोन पावलं टाकायची तरी भिंतीला हात. ती उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, "पाय दाखव."

सान्यूचं डोकं फिरलं. "बघून घ्या मावशी, पोटभर बघा. बापाचे जोडे बसतात मला. नंतर तक्रार चालायची नाही."

बाईनं उराशी ठेवलेला जोड्याच्या तळाचा कागदी नमुना काढला, जुना, तेलकट, घड्यांवर फाटलेला. तो फरशीवर पसरला आणि सान्यूला त्यावर पाऊल ठेवायला लावलं. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोबर बसलं. बाई बराच वेळ त्या पावलाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "हीच."

बापाला खरं वाटेना. "ताई, हिचे पाय नीट पाहिलेत ना?"

"पायच पाहिले. बाकीचं बघायला मला सवड नाही."

हे सांगताना काकू अजून हसते. "नवऱ्यानं माझं तोंड लग्नात पाहिलं. सासू त्याआधी महिनाभर माझ्या पायांच्या भरवशावर निवांत झोपली होती."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं दार लावून घेतलं आणि काळ्या जोड्यांची एक जोडी तिच्यापुढे ठेवली. बाईसाहेबांसाठी शिवलेली. म्हणाली, "घाल."

"हे बाईसाहेबांचे आहेत."

"बाईसाहेबांचेच आहेत. घाल आणि विहिरीवरून पाणी घेऊन ये."

आणि मग सासूनं तिला सगळं सांगितलं. सासू या घरात नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. घरातली जोडे शिवणारी म्हातारी त्या वर्षी मध्येच वारली. जत्रेला जोडे उलटे केले तर तळ कोरा. त्यातून पाऊस नव्हता. लोकांचं अवसान गळालं. बाईसाहेबांनी आपल्याला सोडलं, असं म्हणत महिन्याभरात चाळीस घरांनी गाड्या जुंपल्या आणि खिंडीपलीकडच्या गवताळ मुलखाची वाट धरली. त्यात सासूची सख्खी बहीण होती, कडेवर एक पोर आणि बोटाला एक. त्यांच्यापैकी कोणाचा निरोप पुन्हा आला नाही. पाऊस त्या वर्षी पडला, उशिरा पडला, पण पडला. जे थांबले त्यांनी राळे पिकवले आणि ते जगले.

सासूनं तेव्हा मनाशी ठरवलं की या गावात पुन्हा कोरा तळ दिसता कामा नये. पण तिचे पाय मुठीएवढे, त्या जोड्यांत ती चालणार कशी? वीस वर्षं ती जोड्यांचे तळ जात्याच्या दगडावर घासत आली होती. "घासलेला तळ सगळीकडून सारखा झिजतो," ती सुनेला म्हणाली. "माणसाच्या टाचेची झीज निराळी. म्होरक्याची नजर अधू आहे म्हणून आजवर निभावलं. आता तू आलीस, मी सुटले."

त्याआधीची म्हातारी स्वतः चालायची का, आणि तिच्याआधी कोण चालायचं, हे सासूला माहीत नव्हतं. काकूलाही नाही. काकूचं म्हणणं, अगदी आधी बाईसाहेबच चालत असतील.

तेव्हापासून काकू त्या जोड्यांतून चालली. चोरून नाही, भर उन्हात. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाची झाडलोट करताना जोडे काढून घ्यायचे, वर्षभर पायात वापरायचे, जत्रेच्या आदल्या दिवशी झाडलोट करताना परत चढवायचे. म्हणजे बाईसाहेब जवळजवळ सगळं वर्ष झग्याखाली अनवाणी. पण बाईसाहेबांचा झगा उचलून बघायची छाती कोणाची? आणि गावातल्या एका बाईच्या पायात काळे कापडी जोडे, त्यात बघण्यासारखं काय आहे?

ती त्या जोड्यांतून शेतावर गेली, दोन कोसांवरच्या बाजाराला गेली, बटाट्यांची पोती वाहिली, मुलाला पाठीशी बांधून सुईणीकडे धावली. मधली चौदा-पंधरा वर्षं देऊळ सरकारी हुकमानं बंद होतं. आत बियाण्याचे बटाटे ठेवत आणि बाईसाहेबांपुढे कोणीतरी शहाण्यानं विटांची भिंत बांधून ठेवली होती. जत्रा नव्हती, तळ बघणारं कोणी नव्हतं. काकू तरीही दरवर्षी नवी जोडी शिवत होती आणि झिजवत होती. मी विचारलं, "तेव्हा कशासाठी?" तर म्हणाली, "जत्रा बंद होती. गाव बंद होतं का?" नवरा गेला, ८९ साली, तेव्हा सुतकाचं पांढरं कापड तिनं त्याच जोड्यांवर टाचून घातलं आणि त्याला डोंगरावर पोचवून आली.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला फक्त तिच्या अंगणात बसून गप्पा मारायला आवडायचं. ती आडव्या ठेवलेल्या दाराच्या फळीवर चिंध्या पसरून खळ लावत असायची. थरावर थर, वाळला की पुन्हा थर. मग पायाच्या मापानं कापून अंबाडीच्या दोऱ्यानं टाके. आरीनं भोक पाडायचं, दोरा ओढायचा, मुठीला गुंडाळून आवळायचा. एका तळाला हजारभर टाके. त्या वेळी ती बोलायची.

एकदा म्हणाली, "देवळातल्या दगडावर काय कोरलंय ग, मास्तरीण? मला वाचता येत नाही आणि पुरुषांना विचारलं की ते नुसतेच माना डोलावतात."

मी सांगितलं. कोणा पंडितानं लिहिलंय की शत्रूचा वेढा पडला असता थोर कुळातल्या हुयान बाईसाहेब अंतःपुरात बसून एकेचाळीस दिवस अश्रू ढाळत प्रार्थना करीत होत्या आणि त्या पुण्याईनं शत्रू माघारी फिरला.

काकू इतकी हसली की आरी बाजूला ठेवावी लागली. "रडून शत्रू पळत असता तर माझ्या धाकट्या नणंदेनं सगळा मुलूख जिंकला असता. ऐक, खरं काय ते मी सांगते."

ते खरं असं. हुयान घराणं घोडेस्वार सरदारांचं. लेक आधी घोड्यावर बसायला शिकली, मग चालायला. पंधराव्या वर्षी तिचं लग्न मालियनबूच्या सेनापतीशी झालं. हे दीड हजार वर्षांपूर्वीचं. सेनापती उंच, धिप्पाड, रोज सकाळ-संध्याकाळ तटावरून एक फेरी मारायचा. त्याची पावलं वाजली की खाली बायका चुली पेटवायच्या, इतकी ती ठरलेली.

"दृष्ट लागावी असा जोडा होता," काकू म्हणाली. "भांडायचेही जोरात. एकदा म्हणे तिनं त्याचं शिरस्त्राण खिडकीतून फेकलं."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सासूनं. मध्ये बोलू नकोस."

वेढा पडला आणि नवव्या दिवशी सेनापतीच्या गळ्यात बाण लागला. खोलीत फक्त बायको आणि म्हातारी स्वयंपाकीण. तो गेला. बाहेर तीन हजारांची फौज, आत जेमतेम दोनशे लढणारे. तटावर सेनापती दिसला नाही तर दुपारपर्यंत दार उघडणार, हे बाईसाहेबांना कळत होतं. शत्रूचा सरदार पूर्वी याच घरी जेवून गेलेला, सेनापतीची चाल तो शंभरांत ओळखायचा. बाईसाहेबांनी नवऱ्याचं प्रेत बर्फाच्या तळघरात ठेवलं. त्याचं चिलखत अंगावर चढवलं, त्याचे बूट पायांत घातले, मोठे होत होते म्हणून आत लोकर कोंबली. संध्याकाळी तटावर पावलं वाजली आणि खाली चुली पेटल्या.

"रडल्या नाहीत?" मी विचारलं.

"कधी रडणार? दिवसातून दोन फेऱ्या, मधल्या वेळात चिलखत पुसायचं, जखमींचं बघायचं, आणि लोकांसमोर सेनापतीची बायको म्हणूनही दिसायचं. सांग बरं तुझ्या गणितात बसवून, रडायला किती वेळ उरतो?"

एकेचाळीस दिवस. मग बर्फ वितळायला लागला, शत्रूचे घोडे उपासमारीनं मरायला लागले आणि फौज निघून गेली. बाईसाहेबांनी बूट काढले तर तळ उरलेच नव्हते. नुसतं वरचं कातडं घोट्याला बांधलेलं, आणि त्या किती दिवस बर्फावरून अनवाणी चालत होत्या देव जाणे. त्यानंतर त्यांनी नवऱ्याला माती दिली आणि तीन दिवस, तीन रात्री रडल्या. राजानं राजधानीला बोलावलं, वाडा देतो म्हणाला. त्यांनी निरोप पाठवला, मी आले तर इथे तटावरून कोण चालेल? त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत रोज चालल्या.

मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, छान गोष्ट आहे. गोष्ट आहे एवढंच.

१९९८च्या जत्रेला जेमतेम महिना झाला असेल, काकू छपरावर बटाट्याच्या चकत्या वाळत घालायला चढली आणि शिडीवरून पडली. मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. मुलगा दातोंगहून आला, इस्पितळात नेलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयात वर्षभर पाय टेकायचा नाही. मुलगा तिला शहरात न्यायला बघत होता. ती म्हणाली, "तुझ्या घरातल्या फरशीवर माझं काय काम?" आणि खालून विस्तव घालून तापवायच्या झोपण्याच्या ओट्यावर पडून राहिली. शेजारणी आळीपाळीनं करायच्या. मीही शाळा सुटली की जायची, राळ्याची पेज भरवायची.

वर्षाच्या सहाव्या महिन्यात एका दुपारी तिनं मला दार लावायला सांगितलं. आणि वर मी जे जे सांगितलं, सासू, जातं, चाळीस घरं, पन्नास वर्षांचे जोडे, ते सगळं सांगितलं. मग उशाशी ठेवलेलं बोचकं माझ्याकडे सरकवलं. आत ती जोडी. महिनाभर वापरलेली, तळ जवळपास नवा.

"हे घालून तू चाल," ती म्हणाली. "जास्त काही नाही. शाळेत जा, बाजारात जा, नेहमीसारखी. जत्रेला अजून नऊ महिने आहेत. झिजतील."

मला राग आला. खरं तर घाबरले होते, पण मला घाबरता येत नाही, रागावता येतं. म्हटलं, "काकू, मी मुलांना खरं काय आणि खोटं काय ते शिकवते. गावाच्या डोळ्यांत धूळ फेकायचं काम मला सांगता?"

"धूळ कसली? बाईसाहेबांनी नवऱ्याचे बूट घातले ती धूळ होती का?"

"ते युद्ध होतं. हे अंधश्रद्धेचं खूळ आहे. एक वर्ष कोरा तळ निघू दे, लोकांना कळेल की काही होत नाही. आता कोण गाडी जुंपून खिंडीपलीकडे जाणार आहे?"

"गेल्या वर्षी बारा घरांना कुलूप लागलं," ती म्हणाली. "गाड्या जुंपायला नाही लागत आता. बस येते."

"म्हणून खोटं बोलायचं?"

"मास्तरीण, माझी सासू सांगायची, माणूस घर सोडतो ते पोट रिकामं झालं म्हणून नाही. आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही असं वाटलं की सोडतो. पण तुला पटत नसेल तर राहू दे. पेज आण, गार होतेय."

मी पेज भरवली आणि घरी आले. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही नाही. रोज जात होते, शेक देत होते, पायाला तेल चोळत होते, आणि बोचक्याकडे बघायचं टाळत होते. हिवाळा आला. विहिरीच्या काठावर बर्फ साचला. होउ चांगयेन, आमचा शिरकेवाला आणि जत्रेचा म्होरक्या, घरोघर सांगत फिरत होता की यंदा दातोंगहून पोरांना आवर्जून बोलवा, यंदा जत्रा दणक्यात करायची. मी ते ऐकायची आणि मला अन्न गोड लागायचं नाही. एकदा वाटलं, जावं आणि ते बोचकं मागावं. पण इतके महिने गेल्यावर कोणत्या तोंडानं? माझा हट्ट मलाच ओलांडता येईना.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी काकूनं मला बोलावलं. पडल्या पडल्या शिवलेली नवी जोडी तिच्या छातीवर होती. ती उद्या होउ घेऊन जाणार होता. आणि बाजूला ते जुनं बोचकं.

"एवढं तर करशील? देवळात झाडू मारायला जा आणि हे बाईसाहेबांच्या पायांत चढव. मला उठता येत नाही."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बोचकं घेऊन गेले. देवळात कोणी नव्हतं. गाभाऱ्यात गुडघे टेकले, आयुष्यात पहिल्यांदा त्या झग्याची कड उचलली, आणि खरंच, मातीचे दोन मोठे अनवाणी पाय. उद्या या पायऱ्यांवर काय होणार ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते माझ्यामुळे होणार होतं.

जोडे उलटे केले. तळ झिजून चाळण झाले होते. हजार टाक्यांतले निम्मे तुटलेले, पुढच्या बाजूला भोक, भोकाला ठिगळ आणि ठिगळही झिजलेलं. टाच आतून झिजलेली, बाहेरूनही झिजलेली. एका माणसाच्या पायानं असं होत नाही. मेणाचा एक डाग होता, शेणाचा होता, चुन्याचा होता. उजव्या जोड्यात अंगठ्यापाशी कोणीतरी कापूस कोंबला होता, म्हणजे तिचा पाय लहान. डाव्याची शिवण कोणीतरी उसवून सैल केली होती, म्हणजे तिचा मोठा.

मी किती वेळ तिथे बसले होते ठाऊक नाही. मग जोडे चढवले, झगा नीट केला, झाडू मारला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी होउनं पायऱ्यांवर येऊन जोडे उलटे केले आणि गर्दीतून असा आवाज उठला की मागच्या नाटकवाल्यांनी झांजा थांबवल्या. अशी झीज कोणी पाहिली नव्हती. "बाईसाहेब यंदा धावल्या!" होउ ओरडला. फटाके लागले. दातोंगची पोरं शिट्ट्या मारत होती. मी मात्र बायकांकडे बघत होते. शिरकेवाल्याची बायको, चुनेवाल्या वस्तीतल्या दोघी जावा, डेअरीत काम करणारी रन, मेणबत्त्या विकणारी म्हातारी, बसस्टॉपवर अंडी विकणारी. त्या ओरडत नव्हत्या. गालातल्या गालात हसत होत्या, एकमेकींकडे न बघता.

गर्दी पांगली तेव्हा होउला गाठून मी दबक्या आवाजात म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तो दात काढून म्हणाला, "मास्तरीण, अठरा वर्षं मी हे जोडे नाकासमोर धरतोय. देवीच्या पायाला घाम येतो का?"

मी तडक काकूकडे गेले. ती ओट्यावर बसून पिठाची वेणी खात होती, कोणीतरी जत्रेतून आणून दिलेली. मी दारातच सुरू केलं. "तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. मला दार लावून सांगितलंत आणि घराघरांतही सांगितलंत. मला का नाही कळवलं की बाकीच्या चालताहेत? वर्षभर मी जिवाला घोर लावून घेतला!"

"ओरडू नकोस, बस." तिनं बोटं पुसली. "मी तुला एकटीलाच सांगितलं. बाकी कोणालाही नाही."

"मग?"

"मी पडले त्याच्या चौथ्या दिवशी होउची बायको आली. म्हणाली, काकू, ते जोडे कुठेत? मी म्हटलं, कुठले? ती म्हणाली, सोंग नको, तुम्ही झोपून राहणार, मग चालणार कोण? मी तिला दोन महिने टोलवलं, तू नाही म्हणालीस तेव्हा दिले. मग चुनेवाल्या वस्तीतल्या दोघी आल्या. मग रन. त्यांनी आपसात वार वाटून घेतले. पन्नास वर्षं मी त्यांच्या दारांवरून जाते आहे ग. विहिरीवर त्यांच्या शेजारी पाय धुते. त्यांना काय डोळे नाहीत?" तिनं वेणीचा तुकडा मोडला. "सासूला वाटायचं, कोणाला कळत नाही. मलाही वाटायचं. आम्ही दोघी अडाणी. सगळ्या गावात हे ज्यांना दिसलं नाही अशा आम्ही दोघी आणि तू."

मी दारातून आत आले.

"मग तुम्ही मला कशाला विचारलंत? जोडे मागायला होत्या की त्या."

"त्या जन्मापासून इथल्या. त्या कुठे जाणार आहेत?" काकू म्हणाली. "तू बदलीचा अर्ज टाकला होतास. पोस्टमननं सांगितलं."

अर्ज टाकला होता, हे खरं. आदल्या वसंतात, कोणालाही न सांगता. शहरातल्या शाळेसाठी. माझ्याकडे इथे कोणाचं लक्ष नाही, असं मला वाटत होतं. मी तिच्या ओट्याच्या कडेला बसले आणि रडले, चांगली हमसून रडले, आणि तिनं मला रडू दिलं. वेणीचा उरलेला तुकडा हातात देऊन म्हणाली, खा.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "यंदा माझा दिवस कोणता?"

"दिवस सगळे गेले. होउच्या बायकोनं दोन घेतलेत, ती सोडायची नाही." तिनं विचार केला. "पहिले आठ दिवस आहेत. नवा तळ दगडासारखा असतो, टाच सोलून काढतो. ते कोणी घेत नाही, दरवर्षी मीच काढायची."

"मला द्या."

"देते. उद्या झाडू मारायला जाशील तेव्हा काढून आण. पण एक सांगते, लंगडायचं नाही. कितीही सोललं तरी पाय सरळ टाकायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईसाहेबांचा झगा उचलला, त्यांच्या पायांतून नवे जोडे काढले आणि तिथेच गाभाऱ्यात माझ्या पायांत चढवले. शाळेपर्यंत जाईतो टाचेला फोड आला. दुपारी तो फुटला. संध्याकाळी मी वाट वाकडी करून वरच्या आळीतून, कुलपं लागलेल्या बारा घरांवरून चालत गेले आणि खाली आले. शिरक्याच्या दुकानात होउची बायको बसली होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि न मागता माझी बाटली भरून दिली. आठ दिवस मी चालले आणि लंगडले नाही.